माळ्यावरची भांग आणि डोहातली अंबाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हरभऱ्याचा पाला निवडणं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून पाला वाळत घातला होता, तो खडखडीत झाला म्हणून खाली आणला आणि ओट्यावर समोरासमोर बसलो. बायको काड्या काढायची, मी पाला चुरून डब्यात भरायचो. बोलणं तरी काय, मी म्हणालो या भाजीत डाळ जास्त टाकत जा, ती म्हणाली तुमच्या पोटाला झेपते का आता डाळ. मग तिनं एक जाड काडी उचलली, कानाजवळ नेऊन मोडली, कट्ट, आणि एकटीच हसत बसली. मी विचारलं काय झालं. "काय नाय, किसनमामा आठवले," म्हणाली. मग मीही हसलो. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली, भिंतीला टेकून बसली आणि गेली. भेटायला येणारी माणसं म्हणतात, मरण चांगलं आलं. चांगलं आलं ते जाणाराला. राहणाराला कोण विचारतो.

किसनमामा कोण आणि काडी मोडून हसायचं काय, हे आता मला एकट्यालाच माहीत आहे. म्हणून लिहून ठेवतो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा कुणी माझ्या अक्षराला नावं ठेवू नयेत.

आमचं गाव दिंडोरीच्या अंगाला. तेव्हा तिथं द्राक्षं नव्हती. आज आमच्या परसाच्या जागेवर वाइन गाळायचा कारखाना आहे. मुंबईहून गाड्या येतात, शिकलेली माणसं ग्लास हलवतात, नाक आत घालतात आणि म्हणतात, वा. त्याच मातीत आमचे नाना भांग लावायचे, आणि तेव्हाही माणसं नाक लावून वा म्हणायची. नाना म्हणजे माझे वडील. गावात ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे. शिवरात्रीला दुपारी तिथं भांगेचा घोटा व्हायचा आणि त्या घोट्याला लागणारी भांग द्यायचा मान आमच्या घराकडं होता. पाटीलकी नाही, सरपंचकी नाही, आमच्याकडं हा एवढाच मान. पण नाना त्या मानावर वर्षभर ताठ चालायचे. चोरून का होईना, आमच्या गोठ्याच्या मागं अंबाडीच्या रांगांमध्ये भांगेची झाडं उभी असायची. अंबाडीचं पान आणि भांगेचं पान लांबून सारखंच दिसतं, तसंच पाच बोटांचं. रस्त्यानं जाणारा म्हणायचा, नानांची अंबाडी जोरात आहे. नाना म्हणायचे, महादेवाची कृपा. खोटं काय होतं त्यात.

आता परसात एक रोप सापडलं तरी पोलीस घेऊन जातील. तेव्हाही परवानगी नव्हतीच, पण देवाचं म्हणून सगळे डोळे झाकायचे. डोळे झाकत नव्हते ते आमचे चुलते, तात्या. त्यांना तो मान पाहिजे होता. दर शिवरात्रीला पहिला पेला तात्या प्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "औंदा नानाची भांग गवतावानी हाय रे." असं म्हणून दुसरा पेला मागायचे.

मी एकोणीस-वीसचा असेन तेव्हाची गोष्ट. माझं लग्न होऊन जेमतेम दिवाळी झाली होती. हौसा कांद्याच्या मुलखातली, निफाडकडची. त्याच दिवाळीनंतर नाना बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून पाय लाकडासारखा करून ठेवला. ओट्यावरच्या बाजेवर पडून नाना सगळ्या घरावर ओरडायचे. पाण्याचं इंजिन का बंद पडलं, म्हैस का ओरडते, कुणाची पोरं बोरी झोडतात. बाजेच्या सुताचा करकर आवाज आणि नानांचा आवाज, त्या हिवाळ्यात आमच्या घराला दुसरा आवाज नव्हता. एक दिवस मला जवळ बोलावलं. तात्या नुकतेच येऊन गेले होते, पाय कसा आहे विचारायला. नाना म्हणाले, "रंग्या, तात्या म्हणतो यंदा भांग मी बघतो, तुझं पोरगं लहान हाय. मी नाय म्हनलं. यंदा तू काढ. चुकलास तर मान तिकडं गेला, मंग तो काय माघारी येत नसतो." एवढं बोलून भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, छाती फुटून माझ्यातून कुणीतरी दुसराच बाहेर येतो की काय.

भांग काढायची रीत आमच्या घरची वेगळी. लोखंड लावायचं नाही. विळा नाही, कोयता नाही, पायात वहाण नाही. दव सुकल्यावर झाड हातानं उपटायचं, माती झटकायची आणि उन्हाचा चटका बसायच्या आत घरात न्यायचं. पौष सरत आला होता. शेंडे कोल्ह्याच्या शेपटासारखे झुपकेदार झाले होते आणि वास तर असा की कैरी, रॉकेल आणि भिजलेलं कुत्रं एकाच पोत्यात घातल्यासारखा. मी उपटायचो, हौसा धरायची. हाताला काळा चिकट थर बसायचा तो गोडेतेल लावल्याशिवाय निघायचा नाही. पहिल्या दिवशी तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे. ती म्हणाली, "या अंबाडीला वास कसला येतो?" मी म्हणालो देवाची अंबाडी आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी मला येडी समजता का. आमच्याकडं बैलाला हगवण लागली की हीच गुळात घालून देतात."

झाडं वाळायची ती माळ्यावर, अंधारात. आडव्या काठ्यांना उलटी टांगायची, एकमेकाला चिकटू द्यायची नाहीत, आणि रोज जाऊन फिरवायची. ऊन लागलं तर पाला हळदीसारखा पिवळा पडतो आणि त्यात काही राहत नाही. हवा नाही लागली तर बुरशी. आता त्या काळचं सांगतो, नवीन लग्न झालेल्या माणसानं घरात बायकोशी बोलायची सोय नव्हती. नानांच्या देखत तिला हाक मारणं म्हणजे निर्लज्जपणा. पाणी पाहिजे असलं तरी मी म्हशीकडं बघून म्हणायचो, पाणी मिळंल का. घरात झोपायची जागासुद्धा अशी की आईनं कूस बदलली तरी ऐकू यायचं. पण माळ्यावर भांग फिरवायला दोन माणसं लागतात, एकानं काठी उचलायची, दुसऱ्यानं झाड वळवायचं. खालून नाना ओरडायचे, "नीट फिरवा रे!" आणि आम्ही वर बसून बोलत असायचो. तिच्या माहेरचे कांदे, तिची मेलेली बहीण, तिला बाजरीची भाकरी घशाखाली उतरत नाही पण सांगायची लाज वाटते, सगळं मला तिथं कळलं. आमच्याएवढी फिरवलेली भांग गावानं कधी प्यायली नसेल. झाडं वाळून गेली तरी आम्ही फिरवतच होतो. मग एके दिवशी हौसानं एक काडी मोडली, ती वाकली नाही, कट्ट वाजली. खालून नानांनी ऐकलं. "झाली," म्हणाले. आम्हा दोघांची तोंडं उतरली.

शिवरात्रीला थोडेच दिवस उरले होते. पाला काढून मडक्यात भरायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात गावात बोंब उठली की दारूबंदीवाले आलेत आणि घरांची झडती घेतायत. ते आले होते ओढ्याकाठच्या हातभट्टीला, पण आईला कोण सांगणार. मी नि हौसा कांद्यात निंदायला गेलो होतो. आई माळ्यावर चढली, सगळी भांग खाली घेतली, आणि भिंतीला अंबाडीच्या पेंढ्या उभ्या होत्या त्यांच्या पोटात घालून वरून अंबाडीच्याच सालीनं बांधून टाकली. त्या वर्षी नानांच्या पायामुळं सगळीच कामं लांबली होती, अंबाडी उपटली होती पण दोरखंडाचे धागे, म्हणजे वाख, काढायला पाण्यात बुडवली नव्हती. आईनं असं काम केलं की तिच्या बापालासुद्धा ओळखू आलं नसतं. दारूबंदीवाले आमच्या दारावरून निघून गेले. रात्री तिनं आम्हा दोघांना हळूच सांगितलं, की गडबड शमेपर्यंत राहू द्या तिथंच. नानांना सांगायला नको म्हणाली, ते झोपेतसुद्धा ओरडतात.

दुसऱ्या दिवशी आई मेथीच्या जुड्या घेऊन पहाटेच पंचवटीच्या बाजाराला गेली. आम्ही शेतात. आणि त्याच दिवशी किसनमामा आला. किसनमामा आईचा धाकटा भाऊ. सोन्यासारखा माणूस, पण त्याला रिकामं बसवत नसे. कुणाच्या घरी गेला की चहाच्या आधी काम शोधायचा. नानांचा पाय बघून त्याच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाला, "दाजी, मी हाय ना. सांगा काय करू." नानांनी अंगणात नजर फिरवली आणि म्हणाले, "ती अंबाडी तेवढी बुडवून टाक बाबा. दाव्यांना वाख नाय राह्यला."

संध्याकाळी आई बाजारातून आली, आम्ही शेतातून आलो. मामा ओट्यावर बसून शेंगोळे खात होता. भिंत मोकळी. आई डोक्यावरची पाटी तशीच धरून उभी.

"इथल्या पेंढ्या कुठं गेल्या?"

"बुडवल्या ना," मामा म्हणाला. "ओढ्याच्या डोहात. वर चांगले दगडं ठेवले, हालत नाय आता. एकटाच नेल्या, अक्का. घाम निघाला."

"सगळ्या?"

"एक ठिवली नाय."

आई मटकन खाली बसली. नाना ओरडले, "काय झालं? कुणी मेलं का?" आईनं हळूच सांगितलं. मी नानांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. ते उठायला गेले, पाय कामटीत, परत आडवे झाले. मामाच्या हातात शेंगोळा तसाच. म्हणाला, "मंग सांगायचं नाय का मला." आणि मला काही सुचायच्या आत हौसा निघाली. पदर डोक्यावरून गेला होता, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं होतं, आणि सासऱ्याच्या समोरून, अख्ख्या गल्लीतून ती नवी नवरी डोहाकडं पळत सुटली. मी तिच्या मागं. माझ्या मागं मामा, खरकट्या हाताचा.

माघातलं पाणी म्हणजे काय असतं ते आत गेल्याशिवाय कळत नाही. छातीपर्यंत गेलो की श्वास बंद. मामा दगड बाजूला काढायचा, मी पेंढी वर आणायचो, आणि हौसा ती नाकाला लावायची. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, वासाशिवाय दुसरी ओळख नव्हती. "नाय. नाय. ही पण नाय." नाही ती पेंढी परत पाण्यात. मग एक तिनं नाकाला लावली आणि काही न बोलता काठावर फेकली. त्या क्षणाला मला इतकं हसू आलं की तोंडात पाणी गेलं. पलीकडं बायका धुणं धूत होत्या, त्या हात थांबवून बघायला लागल्या. आणि वरून आवाज आला, "काय रे रंग्या, सकाळी बुडवली आन् आत्ता काढून राह्यले?"

तात्या. हातात काठी, काठावर उभे. मामानं तोंड उघडलं, मला वाटलं आता हा खरं सांगतो. हौसानं सासऱ्याच्या भावाकडं पाठ केली, पदर ओढला, आणि पाण्याकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "पेंढ्या बांधताना ह्यांची लग्नातली अंगठी पडली आत."

आता यात मेख अशी की तात्या मानाच्या बाबतीत वाईट असले तरी माणूस वाईट नव्हते. लग्नातली अंगठी म्हटल्यावर त्यांनी काठी टाकली, धोतर वर केलं आणि पाण्यात पाय घातला. "अरे मंग चौघं शोधू ना. द्या इकडं एक पेंढी." मी पेंढी घट्ट धरून ठेवली. हौसा एकदम म्हणाली, "सापडली, सापडली!" आणि मूठ बंद करून कमरेला खोचायचं नाटक केलं. तात्या पाण्यात एक पाय घालून तसेच उभे. काठावर आम्ही निवडून टाकलेल्या पेंढ्यांकडं त्यांनी बघितलं. नाक जरासं वर केलं. काठी उचलली आणि जाता जाता म्हणाले, "जपा अंगठी. शिवरात्रीला घालून या." त्यांना कळलं होतं. म्हणजे आता आमची भांग बुडाली हे उद्या गावात कळणार होतं, आणि शिवरात्रीला काय द्यायचं हा प्रश्न आमच्या घरात ओला होऊन पडला होता.

नानांनी ती भिजलेली भांग हातात घेतली, पिळली, वास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत. मग म्हणाले, "घोटायच्या आधी ही धुतातच. चार पाण्यानं धुतात. औंदा डोहानं धुतली म्हणायची. पण वाळली पायजे रंग्या. दोन दिवसात वाळली तर महादेवाची, नायतर उकिरड्याची." बाहेर धुकं असं की गोठ्यातून म्हैस दिसत नव्हती. माळ्यावर टांगली तर शिवरात्र होऊन जाईल, उन्हात घातली तर जीव जाईल. हौसा दाराआडून आईला म्हणाली, पण आवाज असा की नानांना ऐकू जावा, "आत्याबाई, आमच्याकडं कांदा टांगत नाय. खालून वारा देतो."

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी आजपण जत्राच म्हणतो. गोठ्यातल्या जनावरांना मामानं बाहेर काढलं. बैलगाडीची साटी, म्हणजे तिची वरची चौकट, काढून उंच दगडांवर ठेवली, वर बांबूच्या कामट्या, वर पातळ लुगडं, वर भांग, एकावर एक न येऊ देता. शेजारच्या खोलीत शेगडी, आणि दारात बसून सुपानं वारा घालायचा, गरम हवा खालून जाईल असा. एक दमला की दुसरा. आई भाकरी थापून उठली की सुपाला, मामा म्हशीची धार काढून आला की सुपाला. नानांनी हट्टानं बाज गोठ्याच्या तोंडाशी आणवली आणि पडल्या पडल्या एका हातानं सूप हलवायला लागले. हिंग जिऱ्याची फोडणी, शेण, कोळसा आणि तो वास. हौसा तासातासाला पाला उलटायची. आता ती सगळ्यांच्या समोर मला सांगत होती, "हिकडनं वारा द्या, तिकडं जास्त होतोय," आणि नाना काही म्हणत नव्हते. उलट म्हणाले, "ऐक ना ती काय म्हणते ते." घरात कुणी नीट झोपलं नाही, आणि मला आठवतं, कुणाला झोप आलीही नाही. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं एक काडी घेतली. सगळ्यांचे हात थांबले. कानाजवळ नेली, मोडली. कट्ट. किसनमामा रडला. खरंच रडला, सूप तोंडावर धरून.

देवळात नानांना बाजेसकट नेलं, चौघांनी खांदा देऊन. नाना वरून ओरडत होते की सरळ धरा, मी अजून जिता हाय. गुरवानं पाला घेतला, हातावर चोळला. बडीशेप, मिरी, खसखस, दूध, आणि पाट्यावर घोटायचा तो घरघर आवाज. तात्या पहिल्या पेल्याला पुढं बसलेले. गावाला तोपर्यंत डोहाची गोष्ट कळली होती, सगळे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तात्यांनी पेला एका दमात प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाले, "ओढ्याचं पाणी हाय."

लोक हसले. मी खांबाला टेकून उभा होतो. नानांनी डोळे मिटले. तात्यांनी दुसरा पेला घेतला, म्हणाले, पाणीच आहे तर पिऊ. तिसरा घेतला. भजन सुरू झालं, टाळ वाजले, बराच वेळ गेला, काही नाही. मग तात्या नंदीकडं बघायला लागले. बघता बघता म्हणाले, "याला कुणी पाणी दाखवलं का?" उठले, तांब्या घेतला आणि दगडाच्या नंदीच्या तोंडाला लावला. लावता लावता हसायला लागले, ते थांबेचनात. त्यांचं बघून गुरव हसला, गुरवाचं बघून टाळकरी. भजनाची ओळ कुठं गेली ते कुणाला सापडेना. तात्यांनी किसनमामाच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाले, "पाव्हणं, दरवर्षी येऊन बुडवत जा तेवढी. लय गोड हाय, घशाला लागत नाय." मग नानांच्या बाजेजवळ आले, खाली बसले आणि त्या बांधलेल्या पायावर डोकं ठेवलं. नाना म्हणाले, "अरे पाय दुखतो, गाढवा." तात्या म्हणाले, "दुखू दे. मान तुझाच." सगळ्या गावानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आलं तरी अर्धं गाव झोपलेलं. आई चुलीशी होती, किसनमामा ओट्यावर चहा पीत होता, नाना बाजेवर. परसात एक झाड अजून उभं होतं, बियाण्याचं. ते शिवरात्र झाल्यावरच काढायचं, आणि ज्याच्याकडं मान त्यानंच काढायचं. आजवर ते नानांनी काढलं होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता मानेनं तिकडं खूण केली. मी वहाणा काढल्या, गेलो, बुंध्याला हात घातला. मनगटाएवढा बुंधा, हालला नाही. मी सरळ उभा राहिलो आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "हौसा, ये गं. एकट्याच्यानं निघायचं नाय हे."

ती आतून आली. नानांच्या समोरून आली, अनवाणी, हात पदराला पुसत. आम्ही दोघांनी मिळून बुंधा धरला आणि ओढला. मुळासकट आलं.